जिराफापर्यंतचा रस्ता

"मानवजातीची आजवरची सगळी प्रगती चाकावर झालेली आहे!" असं शिक्केसाहेबांनी उद्यानाच्या कमानीखाली उभं राहून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी बायकोच्या खुर्चीचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं.

साहेबांनी खुर्ची पुढे ढकलली. गेली नाही. मागे ओढली. आली नाही. प्रगती तिथेच थांबली.

"भाषण आवरा आणि उचला आता," टेलरबाई खुर्चीतून म्हणाल्या.

टेलरबाई म्हणजे साहेबांच्या पत्नी. एकतीस वर्षं त्यांनी गल्लीच्या तोंडाशी कपडे शिवायचं दुकान चालवलं. तीन वर्षांपूर्वी त्याच दुकानाच्या पायरीवरून पडल्या, आणि कंबरेखालचं सगळं जे रुसलं ते रुसलंच. दुकान गेलं, खुर्ची आली. मोजपट्टी मात्र राहिली. घरात ती गळ्यात असायची, बाहेर पडताना पर्समध्ये.

आज त्यांचा पासष्टावा वाढदिवस होता. आठवडाभर आधी साहेबांनी विचारलं होतं, काय हवं? साहेबांना वाटलं, शाल म्हणेल, घड्याळ म्हणेल. टेलरबाई म्हणाल्या, "तीन वर्षं मी लोकांचे पट्टे आणि खिसे बघतेय. कुणाचा खिसा उसवलाय, कुणाची चेन उघडी आहे, सगळं माझ्या नाकासमोर. एकदा मला वरून बघायचंय. टाळकी. भांग, टकलं, जे असेल ते. मला मोठ्या पाळण्यात बसवा."

साहेबांनी या उद्यानाचं माहितीपत्रक मिळवलं. त्यात मोठ्या पाळण्याच्या एका डब्यात व्हीलचेअरवर बसलेली बाई खदखदून हसत होती आणि खाली छापलं होतं, ‘सर्वांसाठी, अगदी सर्वांसाठी’. मग प्रश्नच नव्हता.

साहेबांना शिक्केसाहेब हे नाव इमारत परवानगी खात्यात पडलं. तिथे चौतीस वर्षं त्यांनी नकाशे मंजूर केले. चाळीस पानांचा नकाशा आला तरी तो उलगडत बसायचे नाहीत. पानांचे खालचे उजवे कोपरे पत्त्यांसारखे पसरायचे आणि एका दमात शिक्का, सही, शिक्का, सही. जागेवर जाऊन पाहणी करायची त्यांची पद्धत नव्हती. "नकाशात सगळं असतं," असं ते म्हणत. खरं कारण वेगळं होतं, ते योग्य वेळी बाहेर येईलच. निवृत्तीच्या समारंभात शिपायानं भर सभेत सांगितलं होतं की साहेबांच्या टेबलावरचा चहा कधी गार झाला नाही. साहेबांना ते आपल्या आयुष्यातलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक वाटायचं.

दोघातिघांनी हात लावून खुर्ची जाळीतून सोडवली. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं वाकून पाहिलं.

"मुलं कुठायत?"

"मुलं कामावर गेलीत," टेलरबाई म्हणाल्या. "म्हणून तर सटकलो."

खिडकीपलीकडे लाकडी विदूषक हात आडवा करून उभा होता. त्याच्या पोटावर लिहिलं होतं, ‘मोठ्या पाळण्यासाठी एवढी उंची हवी’. शेजारी जिवंत पहारेकरी होता. त्यानं खुर्ची विदूषकाच्या हाताखाली उभी करायला लावली आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"आजी, तुम्ही कमी पडताय."

"मी उभी राहिले तर त्याच्या कानाला लागेन."

"मग राहा की उभ्या."

पहारेकऱ्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि हळूच म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखाच आहे, आजी."

साहेबांचा आ वासलेला होता. टेलरबाईंनी पर्समधून मोजपट्टी काढली, डोकं आणि लाकडी हात यांच्यातलं अंतर मोजलं. तीन बोटं. त्यांनी केस सोडले, डोक्यावर उंच गुंडाळले, त्यात शिवणाची पेन्सिल उभी खोचली. पेन्सिलीचं टोक विदूषकाच्या हाताला टेकलं. पहारेकऱ्यानं नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पेन्सिलीबद्दल त्यात काहीच नव्हतं.

"जा," तो म्हणाला.

"ज्या कुणा गाढवानं हे असलं उद्यान मंजूर केलंय ना," साहेब खुर्ची ढकलत पुटपुटले, "त्याला इथे आणून फिरवला पाहिजे."

उद्यानाच्या नकाशावर व्हीलचेअरची निळी खूण अकरा ठिकाणी होती. साहेब खूश झाले. नकाशावर त्यांचा आयुष्यभर विश्वास. पहिली खूण होडीपाशी होती. तिथे छान पत्र्याची शेड होती आणि पाटी होती, ‘व्हीलचेअर येथे ठेवावी’.

"आणि माणूस?" साहेबांनी होडीवाल्याला विचारलं.

"माणसानं पायऱ्या उतरून खाली यायचं."

"पायऱ्या उतरता येत असत्या तर ती खुर्चीत कशाला बसली असती?"

होडीवाल्यानं या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "ते मला कसं माहीत असणार, काका? ज्याची त्याची आवड."

दुसरी खूण स्वच्छतागृहाची होती. रुंद दार, निळी पाटी, सगळं झकास, फक्त दारासमोर वीतभर उंचीची पायरी. साहेबांनी खुर्ची मागे कलवून कशीबशी पायरीवर चढवली, दार ढकललं आणि दोघांच्याही तोंडून एकदमच किंकाळी फुटली. आत कमोडवर अस्वल बसलं होतं.

अस्वल ओलं होतं. त्याच्या शेजारी बेसिनमध्ये सशाचं मुंडकं होतं. मागून सफाईवाली धावत आली.

"घाबरू नका, ते पोशाख आहेत. मुलांबरोबर फोटो काढायला आमची माणसं घालतात. वाळत टाकायला दुसरी जागा नाही. आणि या दारातून कधी कुणी येतच नाही."

"येईल कसं?" टेलरबाईंचा हात अजून छातीवरच होता. "दारात पायरी आहे!"

सफाईवालीनं पायरीकडे असं पाहिलं, जणू ती आजच सकाळी उगवली होती. "अगं बाई," ती म्हणाली.

"गाढव!" साहेब म्हणाले. सफाईवालीला नव्हे, मंजूर करणाऱ्याला. "निव्वळ गाढव. याच्या हातात शिक्का दिला कुणी?"

अस्वलाला उठवून दुसरीकडे बसवण्यात आलं. त्यातून निभावल्यावर टेलरबाई म्हणाल्या, "आता बाकीच्या खुणा नकोत. थेट पाळण्याकडे चला. अजून एकही टाळकं पाहिलेलं नाही मी."

मोठा पाळणा लांबूनच दिसत होता. त्याच्या चौथऱ्याला अकरा पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांच्या बाजूला उतरता रस्ता! पाहून साहेबांचे डोळेच भरून आले. दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे, खाली न घसरणारी फरशी, मध्ये दम खायला सपाट जागा.

"बघ! एकास बारा!" ते ओरडले. "बारा फूट लांबीला एक फूट चढ. अगदी शास्त्रशुद्ध. सगळेच काही गाढव नसतात!"

त्यांनी बाह्या सरसावल्या आणि ढकलायला सुरुवात केली. पहिलं वळण. शर्ट पाठीला चिकटला. दुसरं वळण. सपाट जागेवर उभं राहून त्यांनी मानवजातीबद्दल आणखी एक वाक्य तयार केलं, पण बोलायला श्वास नव्हता. तिसरं वळण घेतलं आणि खुर्ची थांबली.

समोर जिराफ होता.

भिंतीवर रंगवलेला, पिवळाधमक, लांब पापण्यांचा. उतार थेट त्याच्या पोटापर्यंत जात होता आणि तिथे संपत होता. दार नाही, वळण नाही, फट नाही. पाळणा भिंतीपलीकडे, पंधराएक फुटांवर गरगर फिरत होता. जिराफ हसत होता.

साहेबांनी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत पक्की होती.

"काका, तुमचा झाला का फोटो?" मागून आवाज आला. एक अख्खं कुटुंब रांगेत उभं होतं. त्यांच्या मागे दुसरं. "मग जरा सरकता का बाजूला?"

उलट्या पावलांनी, एकेका कुटुंबाला वाट देत, साहेबांनी खुर्ची खाली आणली. टेलरबाईंच्या डोक्यावरची पेन्सिल थरथरत होती.

खाली मॅनेजर आला. त्याच्या टायवर बारीक बारीक बदकं होती.

"तक्रार करायची आहे," साहेब म्हणाले. "लेखी. तीन प्रतींत."

"सर, अवश्य करा. पण आम्ही मंजूर नकाशाबाहेर एक इंच गेलेलो नाही."

"जिराफ नकाशात होता?"

"जिराफ नंतरचा," मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्याचं असं झालं, पाळण्याच्या जागेखाली पाण्याची पाइपलाइन निघाली. म्हणून पाळणा मागे सरकवला. तो बदल नकाशाच्या चौथ्या पानावर आहे. रॅम्प तिसऱ्या पानावर, तो जुन्याच जागी राहिला. दोन्ही पानं मंजूर! ठेकेदार म्हणाला, मंजूर झालेलं बांधलंच पाहिजे. बांधला. मग वरून कुणी पडू नये म्हणून भिंत घातली. भिंत भकास दिसायला लागली, म्हणून जिराफ."

"किती सरळ आहे," टेलरबाई म्हणाल्या.

"सगळ्यात जास्त फोटो तिथेच निघतात," मॅनेजर अभिमानानं म्हणाला.

"अहो, पण तिसरं आणि चौथं पान नुसतं शेजारी ठेवलं असतं तरी दिसलं असतं!" साहेबांचा आवाज इतका चढला की रांगेतल्या कुटुंबांनी वळून पाहिलं. "शेंबड्या पोरालाही दिसलं असतं! कोण होता तो गाढव? नाव सांगा. मी खात्यातला माणूस आहे. उद्याच्या उद्या त्याचं पेन्शन बंद करतो!"

"नाव कशाला, सहीच दाखवतो ना," मॅनेजर म्हणाला. "ऑफिसात फ्रेम करून लावलंय सगळं."

ऑफिस चौथऱ्याच्या खालीच होतं, आणि योगायोगानं त्याला पायरी नव्हती. भिंतीवर चार फ्रेम, चार पानं. साहेबांनी चष्मा पुसला, वाकले, आणि तिसऱ्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलं. मग चौथ्या पानाच्या. मग पुन्हा तिसऱ्या.

गोल शिक्का. त्यावर सही. सहीची शेपटी खाली जाऊन, वर वळून, परत स्वतःलाच कापत गेलेली.

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. बसायला खुर्ची शोधली तर एकच दिसली, आणि ती भरलेली होती. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. त्यांनी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. ऊन होतं की पाऊस, घाई होती की कुणाचा फोन आला होता. काही आठवेना. आणि तेच भयंकर होतं. केलेलं पाप माणसाच्या लक्षात तरी राहतं. हे लक्षात राहण्याइतकंसुद्धा घडलं नव्हतं. चार कोपरे पसरले होते, चार शिक्के मारले होते, आणि चहा गरम होता.

मागे चाकांचा आवाज आला. टेलरबाई पुढे सरकल्या आणि मान वर करून सहीकडे बघत राहिल्या.

"मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं बघितलीय ही शेपटी," त्या म्हणाल्या.

"काही चुकलं का मॅडम?" मॅनेजरनं विचारलं.

"नाही हो. गाढव सापडला. घरचाच निघाला."

मॅनेजरनं साहेबांकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "सर! तुम्ही? मग एक फोटो घेऊ या का? सहीबरोबर?"

साहेब तडक बाहेर आले. पाळण्याच्या कुंपणापाशी एक बाक होता, त्यावर बसले. आज पहिल्यांदाच नवराबायकोची डोकी एका उंचीवर आली.

"अशा किती?" टेलरबाईंनी विचारलं.

"कशा किती?"

"अशा न बघितलेल्या."

"मोजल्या नाहीत."

"मग चौतीस वर्षं तुम्ही मोजलं काय?"

साहेब बाकाचा रंग नखानं खरवडू लागले.

"दवाखान्याच्या दारातून ही खुर्ची आत जाईना, तेव्हा दोन माणसांनी मला पोत्यासारखी उचलून नेली," टेलरबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. ती शांतता साहेबांना ओरडण्यापेक्षा जड गेली. "घरी आल्यावर मी काय म्हणाले होते?"

"म्हणालीस, कुणी मुद्दाम थोडंच करतं."

"हो. आणि खरंच निघालं की ते. मुद्दाम नाही केलं कुणी. चहा गार होऊ नये म्हणून केलं."

पाळणा फिरत होता. वरून पोरांच्या किंकाळ्या येत होत्या.

"गिऱ्हाइकं म्हणायची, जुना शर्ट देतो, त्यावरून शिवा. फोटो दाखवतो, त्यावरून शिवा," टेलरबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. म्हटलं, माणूस आणा."

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं, मग तोंड, मग उगाचच चष्मा. "घरी जाऊ या का?" ते कसेबसे म्हणाले.

"घरी? वाढदिवस माझा आहे! वर गेल्याशिवाय मी हलणार नाही. भिंत फोडा, नाहीतर जिराफाला बाजूला व्हायला सांगा."

कुंपणापलीकडे पाळणा चालवणारी मुलगी उभी होती. गळ्यात शिट्टी, हातावर वंगणाचे डाग. ती मघापासून सगळं ऐकत होती आणि ऐकत नसल्याचं नाटक तिला जमत नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, "वंगणाची पिंपं वर कशी येतात, माहितीये?"

"कशी?"

"मागून. ढकलगाडीचा रस्ता आहे, गुळगुळीत. या माझ्या मागे."

खरंच होता. चौथऱ्याच्या मागच्या बाजूनं सिमेंटचा रुंद, सावकाश चढणारा रस्ता थेट पाळण्यापर्यंत जात होता. पिंपांना पायऱ्या चढता येत नाहीत, हे मात्र सगळ्यांच्या वेळेवर लक्षात आलं होतं.

"आणि व्हीलचेअरचा डबा पण आहे," शिट्टीवाली म्हणाली. "सात नंबर. पाळण्याबरोबर कारखान्यातूनच आलाय. त्यात आम्ही रंगाचे डबे ठेवतो."

"म्हणजे इतकी वर्षं रंगाचे डबे पाळण्यात बसून वर जातायत?" टेलरबाईंनी विचारलं.

"रोज," शिट्टीवाली शरमून म्हणाली.

रंगाचे डबे, एक शिडी आणि सशाचा जादा कान असा ऐवज बाहेर निघाला. टेलरबाईंनी मोजपट्टी डब्याच्या दाराला लावली. "सव्वीस." मग खुर्चीला. "पावणेसव्वीस. जाते. शिवण घट्ट बसेल, पण जाते."

खुर्ची आत गेली. शिट्टीवालीनं चाकांना चारी बाजूंनी कड्या लावल्या. टेलरबाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि नव्या कापडावर कात्री ठेवण्याआधी श्वास घेत तसा श्वास घेतला.

तेवढ्यात बदकांचा टाय धावत आला. "थांबा! नियम आहे. खुर्चीबरोबर एक धडधाकट माणूस बसलाच पाहिजे. नाहीतर मी पाळणा सोडू देणार नाही."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पाळण्याच्या टोकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"मी नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मला उंचीची भीती वाटते."

टेलरबाईंना चाळीस वर्षांच्या संसारात हे नवीन होतं. "कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. नोकरीच्या. एका अर्धवट इमारतीच्या पाचव्या मजल्यावर मला चक्कर आली. दोघांनी उचलून खाली आणलं. पोत्यासारखं." शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर ते स्वतःच दचकले. "त्यानंतर मी पाहणीला गेलोच नाही. म्हणायला लागलो, नकाशात सगळं असतं."

टेलरबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणजे तळाशी हे होतं. कुणाचं वैर नाही, कुणाचा कट नाही. एका माणसाला चक्कर येते, आणि गावभर भिंती उभ्या राहतात.

"मी एकटी जाऊ शकले असते तर तुम्हाला बोलावलं नसतं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याशिवाय हे लोक मला वर सोडणार नाहीत. काय करताय?"

साहेबांनी डोळे मिटले आणि आत पाऊल टाकलं. थेट टेलरबाईंच्या पायाशी, डब्याच्या जमिनीवर बसले आणि खुर्चीचं चाक घट्ट धरलं. शिट्टी वाजली.

डबा उचलला गेला. साहेबांना फक्त वारा कळत होता, आणि मधूनमधून टेलरबाईंचा आवाज.

"अहो! तो पहारेकरी! टोपीखाली साफ मैदान आहे. आणि तो मॅनेजर बघा! इकडचे चार केस तिकडे नेऊन चिकटवलेत. त्या बाईचा भांग तर रस्ता चुकल्यासारखा गेलाय. किती टाळकी! किती टाळकी हो!" आवाज एकदम ओला झाला. "कुणालाच माहीत नाही मी बघतेय ते."

पाळणा अगदी टोकाला जाऊन थांबला. डबा हलकेच झुलला. साहेबांनी एक डोळा किलकिला केला.

खाली उद्यान पसरलं होतं. चौथरा, पायऱ्या, आणि रॅम्प. वरून तो अगदी नकाशातल्यासारखा दिसत होता, तीन वळणांची रेघ, आणि रेघेच्या टोकाला आडवी भिंत. तिच्यात आणि पाळण्यात पंधरा फूट कोरी जागा. शेंबड्या पोरालाही दिसली असती. आयुष्यात पहिल्यांदाच शिक्केसाहेब नकाशा वाचत होते.

चक्कर आली नाही. ते उठले. दोन्ही हातांनी कठडा धरून टेलरबाईंच्या पुढ्यात ताठ उभे राहिले.

"ऐक!" ते म्हणाले. "उद्यापासून मी मंजूर केलेली एकेक इमारत, एकेक दार, एकेक पायरी मी स्वतः जाऊन पाहीन. तुझ्या खुर्चीत बसून पाहीन! प्रत्येक चूक माझ्या नावावर लिहून देईन. खात्याला हलवीन. लाज वाटेपर्यंत शहराला झोपू देणार नाही. आणि तो जिराफ, तो जिराफ मी माझ्या हातांनी..."

"हो, हो, करा सगळं. मोजपट्टी देते," टेलरबाई म्हणाल्या आणि मान वाकडी करून त्यांच्या कमरेच्या बाजूनं पलीकडे बघायचा प्रयत्न करू लागल्या. "पण आत्ता जरा खाली बसा. तुमचा पट्टा मध्ये येतोय."